गुडघ्याला गुडघा

आमी मूळचे कुठले म्हणून विचारलंत, तर काय सांगू तुमाला, आमच्या अज्जांचे अज्जा म्हणे साताऱ्याकडून घोड्यावर बसून आले आणि म्हैसूरच्या राजाच्या फौजेत राहिले, ते राहिलेच, आता साताऱ्यात आमाला कुत्रंसुद्धा ओळखायचं न्हाई. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, त्यामुळं माझं बोलणं असं अर्धं हे अर्धं ते, तुमी पुण्याकडची माणसं हसाल, हसा, पण लिहिताना फार सरळ करू नका. माझे अज्जा महाराजांच्या घोडेस्वारांत होते. राज्य गेलं, घोडा गेला, मिशी तेवढी राहिली. दसरा आला की ती मिशी पिळत ओट्यावर बसायचे आणि तोफ वाजली की आमा पोरांना म्हणायचे टाळ्या वाजवा, राजाला पोचतात. तोफ म्हणजे आमाला आनंद, बघा. लाडूसारखा.

हे आधी सांगते कारण पुढचं सगळं तोफेवरच आहे.

मी बालवाडीची बाई. पुढं बन्नीमंटपाजवळ एका ट्रस्टनं पाळणाघर काढलं, तिथं आयांवर देखरेख करायला मला घेतलं. पोरं सगळी बाहेरून आलेल्यांची. नेपाळी वॉचमनची, आणि ब्रह्मदेशातून गोळीबारात घरदार सोडून पळालेल्या काही घरांची. त्यांच्यातलीच सियामी, चार वर्षांची असेल. बाप कडकोळला कारखान्यात, आई गोकुलमात, योग शिकायला येणाऱ्या गोऱ्यांच्या घरी धुणंभांडी. ही पोर बोलायची न्हाई, रडायची न्हाई, आणि पुट्टम्मा सोडून कुणाच्या हातचं खायची न्हाई. पुट्टम्मा आमची सगळ्यात नवी आया, नंजनगूडकडची, आडदांड, आवाज फुटक्या भोंग्यासारखा, पण ती पोर तिच्या कमरेला चिकटलेली. महिनोन्‌महिने तिला मऊ भात भरवून भरवून पुट्टम्मानं तिच्या तोंडून एक शब्द काढला, मोसरु, म्हणजे दही. त्या दिवशी आमी सगळ्यांनी दही खाल्लं.

दसऱ्याच्या आधी आमच्या गावात तोफांचा सराव असतो, हत्तीघोडे बुजू नयेत म्हणून. त्या वर्षी सराव जवळच्याच मैदानात, बार आमच्या गल्लीत ऐकू येणार होता, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक. पुट्टम्मानं काय केलं, आमच्या गावची कुठलीही बाई करेल तेच केलं, सियामीला खांद्यावर घेतलं, बा कंदा, ये बाळा, हत्ती बघू चल म्हणून फाटकाशी नेलं आणि तोफ उडाली तशी स्वतः खदखदून हसत टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवायला हात सुटले. पोर खांद्यावरून उतरली कशी, गेली कुठं, कुणी बघितलं न्हाई.

अय्यो, तो तास! पाळण्याखाली बघितलं, न्हाणीत बघितलं, शेजारच्यांच्या विहिरीत वाकून बघितलं, देवा, पाणी काळं, हलत न्हाई. वरून तोफा चालूच. दर बाराला वाटायचं आणखी लांब पळाली असेल. शेवटी आमच्याच स्वयंपाकघरात सापडली, रिकाम्या पिंपामागं, भिंतीला पाठ लावून, स्वतःचं तोंड दोन्ही हातांनी दाबून धरलेलं. आवाज करायचा न्हाई हे कुणी शिकवलं असेल तिला, तुमीच सांगा. पुट्टम्मानं हात पुढं केला तर ती भिंतीत शिरायला बघायला लागली.

संध्याकाळी आई येऊन तिला घेऊन गेली. पुट्टम्मानं अ‍ॅप्रन घडी करून माझ्यासमोर ठेवला. बेड अक्का, नको मला, उद्या मी येत न्हाई, याच हातांनी पोर सोडली. ट्रस्टच्या मॅडम म्हणाल्या जाऊ दे, दुसरी आया बघू. मला इतका राग आला! म्हटलं, मॅडम, आया म्हणजे काय बल्ब आहे, गेला की दुसरा लावला? ही गेली तर ती पोर पुन्हा जेवायची बंद होईल. आणि परवा पुन्हा सराव आहे, तोफा काय आमचं ऐकून थांबणार आहेत? पोरांना कुठं नेणार, दसरा तर दरवर्षी येणार.

पुट्टम्माला मी घरी जाऊ दिलं न्हाई. कॉफी केली, समोर बसवली. तेव्हा ती बोलली, की लहानपणी तिच्या गावात खाणीत सुरुंग लावायचे आणि तिचा बाप त्यातच गेला. तोफेला ती एवढ्या जोरानं टाळ्या वाजवते ती भीती घालवायला. आमी या बायांना शिकवतो पोरांना कसं धरायचं, त्यांना कोण धरतं?

मग मला अज्जा आठवले. ते सांगायचे, नवा घोडा एकटा कधी तोफेसमोर उभा करत न्हाईत. आणि नवा स्वारही. त्याच्या शेजारी जुना स्वार घोडा आणतो, इतका जवळ की गुडघ्याला गुडघा लागतो. स्वार हलला न्हाई की घोडा हलत न्हाई.

परवाच्या दिवशी मी सगळ्या आयांना आतल्या खोलीत चटईवर बसवलं, एकेकीच्या मांडीवर एकेक पोर, आणि जोडीजोडीनं, गुडघ्याला गुडघा लावून. पुट्टम्मा आली, डोळे सुजलेले. सियामी तिच्याकडं जाईना, दारात उभी. मी पुट्टम्माशेजारी बसले, म्हटलं, टाळी न्हाई वाजवायची. भीती वाटली तर माझा गुडघा दाब. आणि पहिला बार झाला. पुट्टम्मानं असा दाबला की डोळ्यात पाणी आलं माझ्या, आणि मी म्हटलं नानु इद्दीनी, मी आहे. दुसरा बार. नानु इद्दीनी. दारातली पोर आमच्याकडं बघत होती, एकदा पुट्टम्माकडं, एकदा माझ्याकडं. तिसऱ्या बाराला ती पळाली, मला वाटलं गेली पिंपामागं, पण ती पळाली ती सरळ पुट्टम्माकडं, आणि मांडीवर न्हाई बसली हो, तिच्या दुसऱ्या बाजूला बसली, आपला एवढासा गुडघा तिच्या गुडघ्याला लावून. आणि त्या फुटक्या भोंग्याच्या बाईला बारीक आवाजात म्हणाली, नानु इद्दीनी.

पुट्टम्मा आजही तिथंच आहे, आता तीच नव्या आयांना बसवते. सियामीचं घर दुसऱ्या देशात गेलं, कागद झाले आणि आठवड्यात गेले, कुठल्या देशात ते नावही मला नीट सांगता येत न्हाई. माझे गुडघे गेलेत, चटईवर बसले की उठवायला दोघी लागतात, तरी सरावाच्या दिवशी जाते. तोफ वाजली की मनात म्हणते, पोरी, तिकडं कधी काही मोठ्यानं वाजलं तर तुझ्या बाजूला कुणीतरी बसलेलं असू दे. तुमालाही तेच म्हणते. आता जरा हात द्या, उठते.