घरच्या घरी जंगल

...आणि वर मला विचारतात, सुट्टी कशी गेली. कशी जाणार? तुम्हाला सांगतो, इथं बोगद्यात अख्खा डोंगर डोक्यावर घेऊन आपण काम करतो, तरी एवढा जीव दमत नाही, जेवढा मी घरी बसून दमलो. ही बोटं बघा. ड्रिल मशीन चालवून कधी फोड आले नव्हते, ते हत्तीचे कान कापताना आले. पुठ्ठ्याचा हत्ती. मुलीचा पहिला वाढदिवस होता ना, म्हणून. साधंच करायचं, घरच्या घरी. हे वाक्य माझं नाही हं, बायकोचं.

मी बिचारा इथून फोनवर एवढंच म्हणालो होतो, की एखादा छोटा हॉल भाड्यानं घेऊ, केक विकत आणू, चार माणसं बोलावू, खाऊन-पिऊन मोकळे होऊ. तर म्हणाली, "विकतचं काय, कुणीही आणतं. तुम्ही येणार आहात तर आपल्या हातानं करू. साधंच करायचं, घरच्या घरी." आता बायकोच्या तोंडून 'साधंच' आलं की नवऱ्यानं समजावं, आपली धडगत नाही. पण मी हो म्हणालो. का म्हणालो, ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

आमच्या लेकीला आम्ही गुंडी म्हणतो. शर्टाच्या गुंडीसारखी गोल आहे म्हणून. ती जन्मली तेव्हा मी इथंच होतो, डोंगराच्या पोटात. बाहेर येऊन फोन लावला तेव्हा कळलं, की मी बाप होऊन बराच वेळ झालाय. तिला पहिल्यांदा पाहिली ती फोनवर, आणि तेव्हापासून आमचा सगळा संसार फोनवरच. फोनवर मी दिसलो की खिदळते, काचेला तोंड लावते, लाळेनं माझं थोबाड धुऊन काढते. आणि प्रत्यक्ष मी दारातून आत आलो की आजीच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, खांद्यात तोंड खुपसून बसते, मी दुसऱ्या खोलीत जाईपर्यंत. मागच्या सुट्टीत बायकोनं विचारलं, "गुंडे, बाबा कुठंय?" मी समोर बसलोय, तिच्यापासून हातभर अंतरावर, आणि ह्या बाईनं बोट केलं टेबलावरच्या फोनकडे. आता तिची तरी काय चूक? तिच्या हिशेबी बाबा वीतभर उंचीचा असतो आणि त्याला चार्जिंगला लावतात.

म्हणून ह्या वेळी मुकादमाच्या हातापाया पडून सुट्टी घेतली. मनात म्हटलं, आठवडाभर घरात राहू, तिच्यासमोर बसून काहीबाही चिकटवू, कापू, रंगवू, तिला माझी सवय होईल. आणि वाढदिवसाला एक फोटो. तिघांचा. ती माझ्या कडेवर आणि रडत नाहीये, असा. बाकी मला काही नको होतं हो.

घरी पोचलो तर मेहुणी वही-पेन्सिल... नाही, वही नाही, फोन घेऊन बसलेली. म्हणते, "भाऊजी, हल्ली थीम असल्याशिवाय वाढदिवस होत नाही."

मी म्हटलं, "थीम म्हणजे?"

"म्हणजे एक काहीतरी धरायचं आणि सगळं त्याचंच करायचं."

"मग वाढदिवसच धरू की."

तिनं माझ्याकडे असं बघितलं, की मी गप्प बूट काढले. जंगल ठरलं. जन्मभर झाडं उखडून डोंगर पोखरणारा माणूस मी, आणि माझ्याच घरात मी जंगल उगवायचं. कशाचं, तर पुठ्ठ्याचं. मी विचारलं, ही झाडं तयार मिळत नाहीत का? दोघी बहिणी एका सुरात म्हणाल्या, "साधंच करायचं, घरच्या घरी."

मग काय. फ्रिजच्या दुकानातून खोकी आणली. हत्ती मी केला. करड्या रंगाचा, चार पाय, कान, आणि सोंडेला जुना पाण्याचा पाइप. मान वर करून बघतोय, कोणी छान म्हणतंय का, तर सासूबाई चष्मा लावून आल्या, सगळ्या बाजूंनी फिरल्या आणि म्हणाल्या, "जावईबापू, वॉशिंग मशीन अगदी हुबेहूब झालंय हो." त्या मनापासून म्हणाल्या, हेच तर दुःख. झाडं भिंतीला चिकटपट्टीनं लावली. दुपारी ऊन आलं की चिकटपट्टी सुटायची आणि एकेक झाड अंगावर यायचं. मी रोज सकाळी वृक्षारोपण करायचो आणि रोज दुपारी जंगलतोड व्हायची.

आणि गुंडी? गुंडी हे सगळं लांबून बघायची. मी एक माकड कापलं, रंगवलं, शेपूट लावली आणि तिच्यापुढे धरलं. ती रांगत आली. जवळ आली. मी श्वाससुद्धा घेतला नाही. तिनं माकड घेतलं, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि माकड तोंडात धरून उलट्या पावली आजीकडे. दुसऱ्या दिवशी दुसरं माकड. पुन्हा तेच. अशी माझी किती माकडं गेली विचारू नका. बायको बघायची. एकदा फक्त म्हणाली, "होईल हो सवय." मी म्हटलं, "कधी? सवय होईपर्यंत मी परत बोगद्यात." तर उठून ओव्हनमध्ये डोकावायला गेली, आणि ओव्हन तर लावलेलाच नव्हता.

आता अस्वलाचं ऐका. खालच्या मजल्यावर टेलरकाका राहतात, आमच्या कुटुंबावर त्यांचा फार जीव. त्यांच्या कानावर जंगल गेलं आणि त्यांनी न सांगता आमच्याच जुन्या तपकिरी ब्लँकेटचं अस्वल शिवून आणलं. पायापासून गळ्यापर्यंत एक अखंड पोशाख. डोकं बसेना, तेव्हा माझं बोगद्यातलं हेल्मेट घेतलं, त्याच्यावर ब्लँकेट चढवलं, पुढून कापडाचं तोंड शिवलं, डोळ्यांच्या जागी भोकं, नाकाला काळं बटण. खरं सांगतो, काम झकास होतं. प्रश्न एवढाच, की आत कोण शिरणार? सगळे माझ्याकडे बघतायत.

मेहुणी म्हणाली, "भाऊजी, तुम्हीच घाला. तशीही ती तुमच्याकडे येत नाही, अस्वल होऊन आणखी काय बिघडणार आहे?"

गमतीत म्हणाली ती. सगळे हसले. मीही हसलो. बायको तेवढी हसली नाही, केकचं भांडं घासत राहिली, घासून झालेलंच.

नंतर मी तिला एकटीला गाठलं. म्हटलं, "मी नाही अस्वल होणार. फोटोत मला माझं तोंड हवंय."

ती म्हणाली, "थोडा वेळ घाला, मुलांना हसवा, मग काढा. फोटो मग काढू. एवढं काय त्यात? साधंच तर करतोय, घरच्या घरी."

ह्या वाक्यापुढे कोणाचं काही चाललंय का आजवर?

वाढदिवस उजाडला. केकवर बायकोनं सिंह काढला होता. पहिला केक मधोमध खचला म्हणून दुसरा केला, आणि ह्या दुसऱ्यावरची आयाळ उकाड्यानं ओघळून खाली आली, त्यामुळे सिंह एखाद्या रिटायर झालेल्या वकिलासारखा दिसत होता. शेजारपाजारची पोरं आली, आया आल्या, हत्तीला बघून एकीनं विचारलं की हे कपडे टाकायला आहे का. मी आतल्या खोलीत पोशाख चढवत होतो. ब्लँकेट. भर उकाड्यात, अंगभर ब्लँकेट, वर हेल्मेट. घामानं नुसता निथळतोय. मेहुणीनं बाहेरून आवाज दिला, "आणि आता येतायत अस्वलमामा..." मामा. बघा, बाप असून तिथंही मला मामाच केला.

बाहेर आलो. पोरं किंचाळत पांगली, एकानं परत येऊन माझ्या पोटात बुक्की मारली. भोकांतून मला फक्त समोरचं दिसत होतं, आणि समोर गुंडी होती. आजीच्या गुडघ्याला धरून उभी. मला वाटलं, आता भोकाड पसरणार. मी खाली बसलो आणि काय सुचलं कोण जाणे, फोनवर रोज मारतो तशीच हाक मारली. "गुंडे... ए गुंडे... कुठंय माझी गुंडी?"

तिनं आजीचा गुडघा सोडला.

ती तोवर एकदाही चाललेली नव्हती, बरं का. खुर्ची धर, भिंत धर, एवढंच. आता काही न धरता उभी राहिली, जराशी डुगडुगली, आणि निघाली. एक पाय, मग थांबली, मग दुसरा. खोलीत कोणी हलेना. सासूबाईंनी हात पुढे केले होते ते तसेच. ती आली, आली, आणि धप्पकन माझ्या अंगावर पडली, ब्लँकेटमध्ये नाक खुपसलं आणि दोन्ही मुठींनी मला घट्ट धरलं. मी तिला उचललं. लेकीला पहिल्यांदा कडेवर घेतलं आणि ती रडली नाही. मीच रडत होतो आत, आणि तुम्हाला सांगतो, हेल्मेटमध्ये डोळे पुसायची काही सोय नसते.

"फोटो, फोटो," सगळे ओरडले. मी म्हटलं, थांबा. हीच वेळ. आणि मी डोकं काढलं.

काय सांगू. तिनं माझ्याकडे बघितलं. आपल्या खुर्चीत भलताच माणूस येऊन बसला की आपण कसं बघतो, तसं. मग खालचा ओठ पुढे आला, थरथरला, आणि जी किंकाळी फोडली... सासूबाईंनी तिला घेतलं, तरी थांबेना. खाली पडलेल्या डोक्याकडे हात करून रडत होती. अस्वलाला मी काहीतरी केलं, असं तिला वाटत असणार. मेहुणी जवळ आली, अगदी हळू म्हणाली, "भाऊजी, मी परवा बोलले ते... सॉरी. पण ते डोकं परत घाला ना."

घातलं. ती गप्प झाली. हुंदके देत माझ्याकडे आली. फोटो काढला तिघांचा. बायको, गुंडी आणि अस्वल. छान आलाय. बघणारे विचारतात, "बाबा नव्हते का वाढदिवसाला?"

सगळे गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. बायको उरलेल्या सिंहाला डब्यात भरत होती. म्हणाली, "हेल्मेटमध्ये आवाज घुमतो ना तुमचा, तो फोनवर येतो तसाच येतो. तिनं आवाज ओळखला. उगीच कोण कुठल्या अस्वलाकडे चालत जाईल का?"

पटण्यासारखं आहे. पण बायको समजूत घालायला लागली की फारच पटेल असं बोलते, त्याचीच मला भीती वाटते. मी नुसतीच मान हलवली. मग डब्याचं झाकण लावता लावता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मलासुद्धा कधीकधी तुमचा चेहरा आठवत नाही. आवाज आठवतो."

मी म्हटलं, "सोडू का हे काम?"

"हा बोगदा कधी संपेल?"

"संपला की पुढचा लागतो."

तिनं डबा फ्रिजमध्ये ठेवला. मग म्हणाली, "ते डोकं वाळत घाला. घामाचा वास मारतंय."

परत निघालो तेव्हा गुंडी डोक्याला मिठी मारून बसलेली. काढून घ्यायला कोणाचा जीव होणार? तसाच आलो. मुकादम विचारतो, हेल्मेट कुठंय? म्हटलं, अस्वलाला दिलं. त्यानं दंड लावला, लावू दे.

पण कालचं सांगतो आणि थांबतो, शिफ्टची वेळ झाली. काल फोन केला. बायकोनं उचलला, पण कुजबुजत बोलायला लागली. "नंतर करा हो. गुंडी आत्ताच झोपलीय."

मी म्हटलं, "तुझ्याजवळ?"

"नाही," ती म्हणाली, "बाबांजवळ."

मग घाईघाईनं, "म्हणजे... ते अस्वलाचं ब्लँकेट हो... ती त्यालाच बाबा म्हणते, म्हणून आता घरात सगळेच..."

मी म्हटलं, असू दे, असू दे. ठेव फोन. उगीच दोघांची झोपमोड नको.