माणसं थांबवायची नोकरी

नाव लिहा, शोभा. आडनाव राहू द्या, इथे अमेरिकेत, अर्विंगमध्ये, आपले सगळे एकमेकांना ओळखतात, उद्या दुकानात कोणी येऊन म्हणेल, शोभाताई, तुमचं वाचलं बरं का. मूळची मी नागपूरची, इतवारीतली. वडील कापडाच्या दुकानात कामाला होते, मालक नाही हं, कामाला, अन् आम्ही तिघी बहिणी, मी मधली. मधलीकडे कोणाचं लक्ष नसते, म्हणून मी बोलायची खूप, आई म्हणे ही पोट्टी दगडालाही बोलतं करील. तेच बोलणं पुढे कामी आलं, त्याच बोलण्यावर मी नोकरी केली, अन् जेव्हा खरी गरज होती तेव्हा तेच बोलणं कामी नाही आलं. तुम्ही बहारीनचं विचारून राहिल्या, फोनच्या कंपन्यांचं, ते सांगते मी, पण मला बोलायचं आहे ते माझ्या सौरभचं, ते मधे मधे येईलच, तुम्ही रागावू नका.

लग्न झालं तेव्हा हे बहारीनलाच होते. आयटीआय केलेलं, एसीचं काम. फोनच्या टॉवरखाली एक लहानशी खोली असते नं, तिच्यातल्या मशिनी तापतात, त्या थंड ठेवायचं यांचं काम, म्हणजे मशीन एसीत अन् माणूस उन्हात. ऊन मला नका सांगू, मी नागपूरची, पण तिथलं ऊन ओलं, बाप्पा, अंगाला चिकटते ते सुटतच नाही. लग्न करून मी तिकडे गेली तेव्हा फोनची कंपनी एकच होती. एकच म्हणजे तिचा थाट विचारू नका. शुक्रवारी सुट्टी, तं मनामात, तिथल्या राजधानीत, फोनच्या बूथपुढे ही रांग, अन् रांगेतली माणसं ओठातल्या ओठात पुटपुटून राहिली, मला वाटलं जप करून राहिले की काय. हे म्हणाले, जप नाही, घरी काय बोलायचं ते पाठ करून राहिले, मिनिट महाग आहे. मग काय, मीही पाठ केलं. आई बरी आहे का, मी बरी आहे, पाऊस आला का, ठेवते. आई तिकडून रडायला लागली की माझं पाठ केलेलं सगळं विसरायला व्हायचं.

मग दुसरी कंपनी आली. काय सांगू तुम्हाला, सगळा देश जागा झाल्यासारखा झाला. रस्त्यावर बोर्ड, मजुरांच्या कॅम्पबाहेर तंबू टाकून सिमकार्ड वाटून राहिले, पहिलीनं भाव उतरवला की दुसरी त्याच्या खाली, दुसरीनं उतरवला की पहिली त्याच्याही खाली. मी दुसऱ्या कंपनीत लागली, सौरभ शाळेत जायला लागला होता तेव्हा. हिंदी येते, मराठी येते, इंग्रजी कामापुरती येते, बोलायचं तं येतेच येते, ते म्हणाले, कस्टमर केअरला बस हेडफोन लावून. मग तिसरी कंपनी आली. अहो, देश केवढा, गाडी काढली तं घटकाभरात समुद्र आडवा येते, अन् तीन कंपन्या! पेपरात यायचं की माणसांपेक्षा मोबाइल जास्त झाले, मोठी प्रगती म्हणून. प्रगती कसली, जो तो तीन तीन सिम घेऊन फिरून राहिला, एक देशातल्या देशात बोलायला, एक घरी लावायला, एक इंटरनेटला. दोघांचं भांडण अन् तिसऱ्याचा लाभ म्हणतात, तिथे तिघं भांडायचे अन् लाभ त्या बूथपुढल्या लोकांचा झाला, ते मात्र खरं. त्यांना आता पाठ करावं लागत नव्हतं.

आम्हा मराठी लोकांत तं गंमतच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका हॉलमध्ये बसायचो, कोणाचा नवरा पहिल्या कंपनीत, कोणाचा दुसऱ्या, कोणाचा तिसऱ्या, ऑफिसचं काही बोलायची सोय नाही. एका वर्षी तिसऱ्या कंपनीवालीनं वाण काय लुटलं असेल? सिमकार्ड! तिळगूळ, फूल अन् सिमकार्ड. आमच्यातल्या एका म्हाताऱ्या काकूंनी ते डोळ्यांना लावून पर्समध्ये टाकलं, वाण आहे नं ते, परत कसं करणार. दुसऱ्या दिवशी माझ्या साहेबांना कुठून कळलं देव जाणे, म्हणे शोभा, तूही घेतलं का? हाव म्हटलं, सवाष्ण आहे मी, वाण नाही म्हणू का? ते केरळचे होते, बिचाऱ्यांना काही समजलं नाही.

मग निघालं ते नंबर तोच अन् कंपनी बदला. आधी कंपनी बदलली तं नंबर जायचा, म्हणून लोक जागचे हलत नव्हते, आता सगळे मोकळे. तेव्हा कंपनीनं वेगळं टेबल काढलं, सोडून जाणाऱ्यांना थांबवायचं, रिटेन्शन म्हणायचे त्याला, अन् मला तिथे बसवलं. जो म्हणेल मी चाललो, त्याचा फोन माझ्याकडे. ट्रेनिंग दिलं, काऊन चालले असं विचारायचं नाही, तुम्हाला काय त्रास झाला असं विचारायचं, आधी ऐकून घ्यायचं, मग द्यायचं ते द्यायचं. पण खरं मी शिकली ते कानानं. जो माणूस भांडते नं, तुमची कंपनी भंगार, तुम्ही लुटारू, तो राहते. त्याला राहायचंच असते, कोणी राह म्हणावं एवढंच पाहिजे असते. अन् जो गोड बोलते, नाही नाही मॅडम तुमची सर्व्हिस चांगली आहे, तो गेलेला असते, फक्त सही राहिलेली असते. सौरभ शाळेतून आला की कधी कधी ऑफिसात माझ्याजवळ बसून अभ्यास करायचा, त्यालाही माझी वाक्यं पाठ, घरी मला म्हणायचा, मम्मी, तुम्हाला काय त्रास झाला? अन् हसायचा.

तिथेच राहिलो असतो तं काय, पण तिथे राहता येते कुठे. नोकरी आहे तोवर तुम्ही आहात, नोकरी गेली की सामान बांधा. माझी नणंद इथे अर्विंगला, तिनं भावासाठी ग्रीन कार्डाचा अर्ज कधीचा टाकून ठेवलेला, आम्ही तं विसरून गेलो होतो, अन् नंबर लागला. सौरभ दहावीत होता. हे म्हणाले, आपल्यासाठी नाही शोभा, पोराचं भलं होईल, त्याला एक देश होईल. पोरगं रडलं, मला नाही जायचं म्हणे, माझे मित्र इथे आहेत. मुलं रडतात, आम्ही म्हटलं, तिकडे मित्र होतील. अन् बरोबरच होतं आमचं, आजही मी तेच म्हणीन.

इथे आली तेव्हा वाटलं होतं, एवढा अनुभव, फोनची कंपनी कुठली का असेना, पळसाला पानं तीनच. एका ठिकाणी गेली, त्यांनी ऐकलं, हसून बोलले, थँक यू म्हणाले, मी समजून गेली, गोड बोलून राहिले म्हणजे नोकरी नाही. तेव्हापासून या देसी ग्रोसरीत आहे कॅश काउंटरवर, दिवसभर उभी, शनिवार-रविवारी तं पाणी प्यायला फुरसत नाही, घरी गेली की पाय माझे राहत नाहीत. हे अपार्टमेंटच्या छतांवर एसी दुरुस्त करतात, या वयात, या टेक्ससच्या उन्हात. थकलो आम्ही, ताई, खरंच थकलो. पण सौरभ शिकला, इंजिनियर झाला, इथेच फोनच्या मशिनी बनवणाऱ्या एका कंपनीत लागला, आमच्याजवळच राहायचा, घरी जेवायचा, सिटिझन झाला, शपथ घेऊन आला तेव्हा मी त्याला ओवाळलं. म्हटलं झालं बाप्पा, आपलं काम झालं.

अन् एक दिवस जेवता जेवता म्हणे, मम्मी, मला बहारीनला जॉब मिळाला. मला आधी कळलंच नाही. म्हटलं, बहारीनला काऊन? म्हणे, त्या तिसऱ्या कंपनीत, खूप ग्रो करून राहिले ते, मी अ‍ॅक्सेप्ट केलं. माझ्या हातातली पोळी हातातच राहिली. ज्या कंपनीनं माझे कस्टमर पळवले, तिनं शेवटी माझा पोरगाही पळवला! यांनी ताट बाजूला सारलं अन् उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले. रविवारी रात्री मी दुकानातून आली, सौरभ बाहेर गेला होता, तेव्हा मला म्हणाले, शोभा, तूच थांबव त्याला. आयुष्यभर परक्यांना थांबवलं, एक आपला नाही थांबवता येत? मी मनात म्हटलं, येईल नं. काऊन नाही येणार.

तं मी तयारी केली. हसू नका. सोमवारी माझी सुट्टी असते, संध्याकाळी त्याला म्हटलं सामान आणायला दुकानात घेऊन चल, गाडीत तो ड्राइव्ह करून राहिला अन् मी सुरू केलं. काऊन चालला असं विचारलंच नाही. म्हटलं, बेटा, इथे तुला काय त्रास झाला? त्यानं माझ्याकडे पाहिलं, गाडी कडेला घेतली अन् म्हणे, मम्मी, तू मला रिटेन करून राहिली का? मला हसूही आलं अन् रडूही. मग मी ते सगळं सोडून दिलं, ट्रेनिंग-बिनिंग. म्हटलं, हाव, करून राहिली. राह नं राजा. आम्ही दोघं इथे कोणासाठी आलो? तुझ्यासाठी. तू तिकडे गेला तं आम्ही इथे काय करू, एसी अन् कांदे-बटाटे? मला वाटलं आता चिडेल, म्हणेल तुम्ही मला विचारलं नव्हतं, मला ओढत आणलं, म्हणू दे, मी मनात म्हटलं, भांडू दे, भांडला तं राहील. पण ताई, तो भांडला नाही. माझा हात धरला अन् म्हणे, यू डिड एव्हरीथिंग राइट, मम्मी, आज मी कुठेही जाऊ शकतो ते तुमच्यामुळे. मला माझ्या गावी जायचं आहे, एवढंच. गावी म्हणाला तो. माझं गाव नागपूर, यांचं वर्धा, अन् पोराचं गाव बहारीन, जिथे आम्ही नोकरीपुरते होतो. एवढं गोड बोलला माझा पोरगा, की मी म्हटलं चल, दुकानात चल, उशीर होऊन राहिला.

एअरपोर्टवर सामान दिलं, अन् तो म्हणे, चला, जातो मी. हे एकदम ओरडले, जातो नाही, येतो म्हण! आजूबाजूचे लोक पाहून राहिले. तो म्हणे, ओके पप्पा, येतो. अन् मला, त्या वेळी, त्या रडण्याच्या वेळी, तो साताऱ्याचा माणूस आठवला. माझ्या टेबलावर एकदा त्याचा फोन आला होता, गवंडीकाम करायचा, मी त्याला चांगल्या ऑफर दिल्या, अन् शेवटी तो म्हणाला, बरं ताई, येतो. ते कॉल रेकॉर्ड व्हायचे. साहेबांनी कोणाकडून तरी त्याचं इंग्रजी करून घेतलं, आय विल कम, अन् लिहून टाकलं, थांबला. तो दुसऱ्या दिवशी तिसऱ्या कंपनीत. साहेब मला म्हणे, शोभा, येतो म्हणाला अन् गेला कसा? म्हटलं साहेब, आमच्यात जाणारा येतोच म्हणते, जातो म्हणणं अशुभ असते. ते डोक्याला हात लावून बसले, म्हणे मग येणारा काय म्हणते? मी म्हटलं, येणारा काही म्हणत नाही साहेब, तो येते. तेव्हा सगळं ऑफिस हसलं होतं. एअरपोर्टवर मला ते आठवलं अन् मी यांना काही सांगितलं नाही, येतो म्हणून घेतलं म्हणून यांना जरा बरं वाटून राहिलं होतं, मी काऊन मोडू.

झालं आता काही महिने. रोज सकाळी त्याचा फोन येते, त्याची तिकडे संध्याकाळ असते. आता पैसे लागत नाहीत, व्हिडिओवर तासभर बोला, तं बोलायला काही नसते. आमची जुनी गल्ली दाखवतो, समुद्र बुजवून किती पुढे इमारती आल्या ते दाखवतो, खूश आहे. परवा सांगून राहिला, मम्मी, तू जे करायची नं, ते आता मशीन करते, माझी टीम तेच बनवते. कस्टमर सोडून जाणार हे त्याच्या मनात यायच्या आधी आम्हाला कळते. मी म्हटलं, वा रे वा, चांगलं आहे. मग मी विचारलं, अन् बेटा, गेलेला माणूस परत येणार की नाही, ते कळते का तुझ्या मशीनला? त्यानं फोन या हातातून त्या हातात घेतला. मग म्हणे, मम्मी, ते नाही टाकलेलं त्यात. मी म्हटलं, असू दे. हे कामावर निघाले होते, डबा घेऊन माझ्या पाठीमागे उभे, म्हणाले, जेवला का विचार. विचारलं. जेवला म्हणे. सुखी राहो बाप्पा, जिथे राहील तिथे सुखी राहो. आम्ही आहोत इथेच.