आईच्या स्वयंपाकघरातलं अल्कोहोल

अरे, आपल्या वर्ध्यात दारूबंदी, त्यात माझी आई म्हणजे गावातल्या हातभट्ट्या फोडणारी बाई! बाबांना शुगर आहे, म्हणून मी कमी कॅलरीच्या साखरेचं पाकीट नेलं. आईनं चष्मा लावून पाकीट वाचलं.

"शुगर अल्कोहोल! काऊन रे, माह्याच घरात?"

"आई, नुसतं नाव आहे. याची नशा नाई चढत."

"थांब, मी पाह्यते."

चमचाभर खाल्लं, अन् अंगणातल्या फरशीच्या रेघेवरून सरळ चालून दाखवलं. मगच ते बाबांच्या चहात पडलं.

आता बाबा येईल त्याला छाती फुगवून सांगतात, "हिनं अख्ख्या गावाची दारू बंद केली, अन् मले दोन टाइम अल्कोहोल पाजून राह्यली!"