बजावली की पोहोचली?

आदरणीय शालिनीताई, कांबळे कुटुंबीय, करसल्लागार मित्रहो, आणि उल्हासनगरहून दुकानं बंद ठेवून आलेल्या व्यापारी बंधुभगिनींनो,

सकाळी कांबळे साहेबांचा जलदान विधी झाला, तेव्हा मी मागच्या रांगेत होतो. तिथे बोलायचं नव्हतं, त्यामुळे निभावलं. आता या कुळगावच्या सभागृहात बोलायचं आहे, आणि वाक्य सुरू कुठून करावं हेच सुचत नाही. पण साहेबांसमोर अर्धवट बोललेलं कधी चाललं नाही. आजही चालणार नाही.

मी हेमंत साठे. अंबरनाथ पूर्वेला करसल्लागार आहे. यशवंत कांबळे साहेब विक्रीकर विभागात निर्धारण अधिकारी होते. मी अनेक वर्षं त्यांच्या टेबलाशी उभा राहिलो. बाजूने नव्हे, समोरून. समोरच्या पक्षाचा माणूस आज त्यांच्याविषयी आदराने बोलतो आहे, याची नोंद घ्यावी.

ज्यांचा आमच्या व्यवसायाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. व्यापाऱ्याने विवरणपत्र भरलं नाही, तर अधिकारी त्याला नोटीस पाठवतो : या, हिशेब दाखवा. तो आला नाही, तर अधिकारी हाती असलेल्या माहितीवरून स्वतःच कर ठरवतो. याला एकतर्फी आदेश म्हणतात. त्यानंतर मागणीची नोटीस निघते, आणि तीही दुर्लक्षित राहिली, तर बँक खातं गोठतं. सगळं कायदेशीर. पण या साऱ्याचा पाया एकच : पहिली नोटीस.

आपण म्हणतो, नोटीस ‘बजावली’. साहेबांना हा शब्द पुरेसा वाटत नसे. फाईल उघडली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. बजावली की पोहोचली?

मित्रहो, सुनीता भाभींचं प्रकरण मी कसं विसरेन? उल्हासनगरच्या कॅम्पात त्यांचा जीन्स शिवण्याचा छोटा कारखाना. पुढे दुकान, मागे मशिनी. पती अंथरुणाला खिळलेले, विवरणपत्रं राहून गेलेली. मालवाहतुकीच्या नोंदींवरून विभागाने त्यांची विक्री अंदाजली, आणि त्या अंदाजाने आलेला कर कारखाना विकूनही फिटला नसता. भाभी सुनावणीला आल्या नाहीत. फाईलवर अहवाल होता : नोटीस दुकानावर डकवून बजावली. आदेशाची मुदत संपत आली होती. वरिष्ठ म्हणाले, “कांबळे, अहवाल फाईलला आहे. आदेश करून टाका.”

साहेब म्हणाले, “अहवाल फाईलला आहे सर. बाई फाईलला नाहीत.”

त्यांनी नोटीस घेऊन गेलेल्या भोईरांना बोलावलं. भोईर आज इथे आहेत. भोईर, तुमचे शब्द तुमच्याच बोलीत सांगतो, रागावू नका.

“दुकान बंद होता साहेब. शटरवर चिकटवली.”

“बंद का होतं?”

“बाजाराची सुट्टी होती ना!”

“आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं, तेव्हा?”

भोईरांनी हात खालून वर नेऊन दाखवला. मग म्हणाले, “शटर वर गेला, म्हंजे नोटीस पण वर गेली साहेब.”

अख्खं ऑफिस हसलं. साहेब हसले नाहीत. ते उठले, नवी नोटीस काढली, आणि भर बाजाराच्या दिवशी स्वतः कॅम्पात गेले. वरच्या पेटीत गुंडाळलेलं शटर त्यांनी खाली ओढायला लावलं. त्यावर खळीचे डाग आणि कागदाच्या चिंध्या होत्या. साहेबांनी नवी नोटीस भाभींच्या हातात दिली.

भाभी घाबरल्या. “साब, मेरे को मालूम होता तो मैं भाग जाती क्या? सिलाईवाले बैठे हैं अंदर.”

“पळू नका. या. कागद घेऊन या.”

भाभींनी माझ्याकडे धाव घेतली. मी उत्साहात साहेबांसमोर उभा राहिलो. “साहेब, जुनी नोटीस मुळात बजावलीच गेली नव्हती. केस संपली.”

“केस नाही संपली, साठे. नोटीस संपली. केस आत्ता सुरू होते. बसा.”

आणि सुरू झाली. भाभींनी माल आल्या-गेल्याची चलनं मांडली. बहुतेक कापड त्यांचं नव्हतंच. दुसऱ्यांचं कापड यायचं, शिवून परत जायचं. त्यांची होती ती फक्त शिलाई. विभागाने अंदाजलेली विक्री त्यांची नव्हती. साहेबांनी प्रत्येक चलन तपासलं. जे भाभींचं नव्हतं ते वगळलं. जे होतं, त्यावर कर लावला, व्याज लावलं. मी दयेची भाषा करू लागलो, तेव्हा म्हणाले, “साठे, दया नको. बरोबर आकडा पाहिजे.” मुदत संपण्याआधी आदेश निघाला. भाभींनी हप्त्यांनी पूर्ण कर भरला. मशिनी एक दिवसही थांबल्या नाहीत.

काही जण म्हणतात, साहेब मवाळ होते. मी ठामपणे सांगतो, हे चूक आहे. त्यांनी एक रुपया सोडला नाही. आणि न ऐकता एक रुपया लावला नाही. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला जमतात का? जमतात. मी पाहिलं आहे.

निवृत्तीनंतर काळ बदलला. आता नोटीस पोर्टलवर येते. ईमेल जातो तो कधीच काम सोडून गेलेल्या अकाउंटंटकडे. साहेब संध्याकाळी इथल्या दुकानदारांना हटकायचे, “पोर्टल उघडलं का?” कोणी कंटाळून म्हणायचं, “काका, आता शटरवर कोण चिकटवतं?” साहेब म्हणायचे, “शटर काचेचं झालंय, बाकी तेच.” तरुण अधिकाऱ्यांनो, तुमच्यापैकी काही इथे आहेत. संगणक सांगेल, बजावली. पोहोचली का, हे तुम्हालाच विचारावं लागेल.

सभेआधी मी सुनीता भाभींना दोन शब्द बोलण्याची विनंती केली. त्यांनी नकारार्थी मान हलवली. म्हणाल्या, “मैं क्या बोलूँ? उन्होंने तो मेरा सुन लिया था.”

याहून नेमकं मला काही सांगता येणार नाही.

कांबळे साहेब, समोरच्या बाजूचं विनम्र अभिवादन स्वीकारा. सर्वांना विनंती, आपण उभे राहू. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांना बोलू दिलं. आता दोन मिनिटं पाळी त्यांची. आपण शांत राहू.