हो म्हणायला लावणारा प्रश्न

सर : म्हणजे मुलाखतीला तू गेलीच नाहीस! मी त्या प्राचार्यांना शब्द दिला होता.

काकू : अहो, तिला आत तरी येऊ द्या. दारातच उलटतपासणी! ये गं, ही खुर्ची घे. पुस्तकं खाली ठेव खुशाल, ती काही रुसत नाहीत.

सर : सात वर्षं मी हिच्या प्रबंधाची ओळ न् ओळ तपासली. पदवी हातात पडली, कॉलेजात जागा निघाली, आणि ऐन वेळी ही बाई गायब.

ती : एका वर्षाची जागा होती, सर. आणि अशा जागेसाठीची सहावी मुलाखत. मागच्या वेळी त्यांनी मला विचारलं, "भाषाशास्त्र, म्हणजे किती भाषा येतात तुम्हाला?"

काकू : मग? किती सांगितल्यास?

ती : दीड.

सर : हसण्यावारी नेऊ नका. पुढे काय करणार आहेस तू?

ती : करतेय, सर. आठ महिने झाले नोकरीला. तुम्हाला सांगायचा धीर होत नव्हता. दोनदा तुमच्या कोपऱ्यापर्यंत येऊन परत गेले.

सर : आठ महिने! कुठे?

ती : रुग्णवाहिकेच्या फोनकक्षात. लोक फोन करतात ना, लवकर गाडी पाठवा म्हणून, तिथे.

सर : फोन उचलतेस? प्रश्नवाक्यांवर डॉक्टरेट मिळवून?

ती : पहिले तीन महिने उचलले. कानाला ते यंत्र लावून, नळकांड्यातून आल्यासारखे आवाज ऐकत. आता माझं काम वेगळं आहे. फोन घेणाऱ्यांनी काय विचारायचं, कोणत्या शब्दांत विचारायचं, ते मी लिहिते.

सर : त्यात काय लिहायचं? नाव, पत्ता, काय झालं.

ती : मलाही तसंच वाटलं होतं. पण एक प्रश्न होता, "पेशंटचा श्वास चालू आहे का?" कुणी घरात कोसळलं की हाच विचारायचे. लोक म्हणायचे, हो. हो म्हटलं की सांगायचं, कुशीवर वळवा, गाडी येतेय. आणि गाडी पोचेपर्यंत माणूस गेलेला असायचा.

काकू : अगं बाई! खोटं का सांगायचे ते?

ती : खोटं नाही हो, काकू. हृदय बंद पडलं तरी माणूस काही वेळ मधूनच आचके देतो, घोरल्यासारखा आवाज येतो. घरच्यांना वाटतं, श्वास घेतोय. त्यात प्रश्नच असा की, समोरचा "हो"ला टेकलेलाच असतो.

सर : तुझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण.

ती : तिसरंच प्रकरण, सर! तुम्ही तीनदा लिहून घेतलंत माझ्याकडून. रडले होते मी.

सर : "का" शेवटी आला, आणि उत्तराची भीती असली, की ऐकणारा स्वतःला हवं ते उत्तर देतो. पहिल्या खेपेला फार पसरट मांडलं होतंस.

ती : मी असे एकशेबारा जुने फोन रेकॉर्डवरून पुन्हा ऐकले. मग प्रश्न बदलला. आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाई आधी ऐकेनात. म्हणाल्या, इथे जीव जातोय आणि तुम्ही व्याकरण काढून बसलात. महिनाभर त्यांच्या मागे लागले. शेवटी वैतागून म्हणाल्या, घाला एकदाचा.

सर : काय केलास नवा प्रश्न?

ती : "त्यांच्या छातीवर हात ठेवा. छाती उचलली गेली की प्रत्येक वेळी मला 'आता' म्हणा."

सर : हं. यात "हो"ला जागाच नाही.

ती : गेल्या महिन्यात एका बाईंचा फोन आला. नवरा स्वयंपाकघरात पडलेला. त्या सारख्या म्हणत होत्या, श्वास चालू आहे हो, घोरतायत. आमच्या फोनवरच्या मुलीनं नवा प्रश्न टाकला. बाई "आता" म्हणाल्या. मग गप्प. बऱ्याच वेळानं पुन्हा एकदा "आता". तेवढ्यावरून कळलं, हा श्वास नाही, आचके आहेत. आमची मुलगी म्हणाली, दोन्ही हातांनी छाती दाबायला लागा, मी मोजते. अकरा मिनिटं दाबली त्या बाईंनी, गाडी दारात येईपर्यंत.

काकू : आणि?

ती : परवा घरी गेले ते. चालत.

काकू : बाई गं. काटा आला अंगावर.

ती : सर, काहीतरी बोला ना. रागवा हवं तर.

सर : "उचलली गेली" नको.

ती : काय?

सर : घाबरलेल्या माणसाला कर्मणी प्रयोग कशाला ऐकवतेस? "छाती वर आली की" म्हण. सोपं.

ती : सोमवारीच बदलते.

काकू : आता खरं काय ते सांगा तिला. अगं, रोज सकाळी पेपर आला की जागांच्या जाहिराती शोधतात तुझ्यासाठी. चहा निवून जातो.

सर : तू जरा...

काकू : नाही, सांगाच.

सर : माझ्याकडे नऊ जणांनी पीएच.डी. केली. दोघांना जागा मिळाल्या. उरलेले रस्त्यात दिसले तर मी पलीकडच्या फुटपाथला जातो. तुझंही तेच होणार, असं धरून चाललो होतो. तुला या वाटेला मी लावलं, आणि पुढे दारं बंद आहेत, हे मला ठाऊक होतं. सांगितलं मात्र नाही.

ती : आणि मला वाटत होतं, मी तुमचं नाक कापलं.

सर : वेडी आहेस. छातीवरचा धोंडा उतरवलास माझ्या.

काकू : मग त्या प्राचार्यांना काय सांगणार?

सर : सांगेन, तिला वेळ नाही. कामात आहे. बरं, तुमचा फोन उचलल्याउचलल्या पहिलं काय विचारता?

ती : "तुम्ही कुठे आहात?"

सर : हा चांगला आहे. याला हात लावू नकोस.