मॅडमच्या जीनला हात कोण लावणार?

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष माननीय इंगळे सर, व्यासपीठावरील मान्यवर, आमच्या सत्कारमूर्ती आदरणीय डॉ. विमल पाठक मॅडम, त्यांच्या घरची मंडळी, अमरावतीहून माझ्यासोबत आलेले सहकारी, आणि आलूबोंड्याच्या वासाकडे दुर्लक्ष करून शांत बसलेल्या विद्यार्थी मित्रांनो,

मी संध्या वानखडे, मॅडमची जुनी विद्यार्थिनी. अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. मॅडमच्या वर्गात मी कधीच वेळेत संपवलं नाही, हे त्यांना ठाऊक आहे, म्हणून आधीच माफी मागून ठेवते.

आम्ही दिवसभर पडद्याकडे पाहत नेमकं काय करतो, असा प्रश्न मॅडमच्या घरी नक्की पडला असेल. तुरीचा जीनोम म्हणजे कोट्यवधी अक्षरांची सलग ओळ. मधे ना जागा, ना विराम. कुठला जीन कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो याचा अंदाज संगणक बांधतो, शेताचे धुरे, म्हणजे बांध, आखावेत तसा. कधी तो मधला धुराच खातो आणि दोन जीनचा एक करून टाकतो. म्हणून माणसांनी तपासायचं: झाडाच्या मुळात, पानात त्या जीनच्या ज्या नकला सापडतात, त्यांचे तुकडे पुरावा म्हणून ओळीवर जुळवून पाहायचे. अकोल्याची आणि अमरावतीची मुलं एकाच वेळी एकाच जीनोमवर काम करतात. एकानं केलेला बदल दुसऱ्याला तिथल्या तिथे दिसतो, बदल करणाऱ्याचं नाव दिसतं, बाजूला शेराही लिहिता येतो. सोय मोठी छान आहे. पण सोय नवी असली तरी माणसं आपण जुनीच ना?

वर्षभरात सगळ्यांच्या कामावर दुरुस्त्यांचा पाऊस पडला. माझ्यावरही पडला. कोरडं राहिलं ते फक्त मॅडमचं काम. बैठकीत विचारलं की उत्तर ठरलेलं: मॅडमनी पाहिलंय म्हणजे बरोबरच असेल. त्यात मॅडमचा सगळ्यात लाडका जीनही होता. तुरीच्या मर रोगाशी झुंजतो तो हाच, असं त्या वीस वर्षं सांगत आल्या होत्या. पुढच्या महिन्यात सगळा जीनोम जगासाठी खुला व्हायचा होता. चूक राहिली असती तर पुढचे कित्येक जण त्याच चुकीवर घर बांधत गेले असते.

आणि मग परतवाड्याचा ललित नावाचा नवा विद्यार्थी घरूनच, पडद्यावरून कामाला लागला. त्यानं मॅडमचा तोच जीन, जशाच्या तसा, आपल्या नावानं पुन्हा मांडला. दुपारपर्यंत दर्यापूरच्या आमच्या भावनाचा शेरा आला. तो मला पाठ आहे. "भाऊ, काहून घाई करून राहिले? डाव्या अंगाले मुळातले पुरावे येते, उजव्या अंगाले पानातले. मधातून एकही तुकडा जाऊन नाही राहिला. हे दोन जीन आहेत. आधी पाहा, मंग रेघ मारा." बाकीच्यांनीही ललितला सोडलं नाही. बैठकीत तर त्याचं खातं बंद करा, अशी मागणी झाली.

मॅडम म्हणाल्या, ललित याच खोलीत बसलाय. ललित म्हणजे मीच.

मॅडमनी भावनाला जवळ बोलावून एवढंच विचारलं, हे तू मला का नाही लिहिलंस? ती म्हणाली, "मॅडम, तुमचं नाव दिसलं की हात थांबते."

त्याच दिवशी मॅडमनी स्वतःच्या नावानं त्या जीनचे दोन केले. पुढे प्रयोगात कळलं, मरशी झुंजतो तो मुळातला. पानातला शेजारी इतकी वर्षं फुकटचा मान घेत होता. मी मॅडमना विचारलं होतं, वाईट नाही वाटलं? त्या म्हणाल्या, "वाटलं. पण वर्षभर मला कुणी चूक म्हटलं नाही, ते जास्त लागलं गं."

मॅडम, मोठ्या माणसाचं एकटेपण मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आज तुम्हाला निरोप देताना ऊर भरून येतोय, ते लपवत नाही.

तीन महिन्यांपूर्वी तुम्ही या प्रकल्पाची सूत्रं माझ्या हाती दिलीत. तोवर दर आठवड्याला माझं काम कुणी ना कुणी दुरुस्त करायचं. त्या दिवसापासून माझ्या एकाही जीनला कुणी हात लावलेला नाही. मी एकाएकी इतकी शहाणी झाले का? मला भीती वाटते, मित्रांनो. दर वेळी खोटं नाव घेऊन यायची वेळ माझ्यावर आणू नका.

अध्यक्षांचे, संयोजकांचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. आजच्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. माझ्या कामातल्या चुका मात्र कृपा करून पोटात घालू नका. उद्या दहा वाजता काम सुरू होईल. भावना, पहिला शेरा तू लिही.