नौशादभाईची बोटं आणि मेव्हण्याचा लेआउट

…आणि वर मेव्हणा म्हणतो कसा, "दुल्हाभाई, हात बसला की झालं." अरे, हात बसलेलाच होता की नौशादभाईचा! तुम्हाला सांगतो, पौडला कचेरीसमोर अर्ज टाइप करून देणारे पुष्कळ, पण गर्दी नौशादभाईच्या टेबलापाशी, कारण हा माणूस कीबोर्डकडे बघायचाच नाही, डोळे गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे, मोबाईल मान वाकडी करून खांद्यात धरलेला, मध्येच चहावाल्याला "साखर कमी" म्हणायचं, आणि गिऱ्हाईक "आपला विश्वासू"पर्यंत पोचतंय तोवर कागद प्रिंटरमधून बाहेर. जुन्या मराठी टाइपरायटरवर शिकलेला, त्या रेमिंग्टनच्या पद्धतीत. कुठलं अक्षर कुठं, हे त्याला विचारलंत तर सांगता यायचं नाही, बोटांनाच ठाऊक.

अशा माणसाला कुणी काही शिकवावं का? पण समोर सुधीरनं नवं दुकान टाकलं, काचेवर लिहिलं 'झटपट अर्ज', आणि नौशाद तिकडं कोण कोण शिरतंय ते मोजू लागला. त्यात ईदला आला मेव्हणा. अतीक. राहतो जांब्याला, जातो हिंजवडीला, कंपनीत नेमकं काय करतो ते त्याच्या बहिणीला, म्हणजे आमच्या आसमावहिनीलासुद्धा सांगता येत नाही. त्यानं कीबोर्ड बघितला आणि हसला.

"दुल्हाभाई, हा लेआउट आउटडेटेड आहे. बोटं उगाच किती फिरतात तुमची. इन्स्क्रिप्ट घ्या. मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, एकदम सायंटिफिक. स्पीड डबल."

"आणि शिकेपर्यंत?"

"हात बसला की झालं."

झालं. कीबोर्डवर स्टिकर चिकटले. बोटं आपली जुन्या जागी जायची आणि स्क्रीनवर भलतंच उमटायचं, 'मा. तहसीलदार साहेब' लिहायला घ्यावं तर असलं काही निघायचं की तहसीलदारांनी नुसतं वाचायला रजा काढावी… गिऱ्हाइकं बाकावर बसून जांभया द्यायची, मग हळूच रस्ता ओलांडून सुधीरकडं. नौशादनं मेव्हण्याला फोन लावला. तो म्हणतो, "मग फोनेटिक घ्या ना. इंग्रजी अक्षरं दाबा, मराठी उमटतं. हात बसला की झालं."

फोनेटिकवर पहिलं गिऱ्हाईक माले गावचा भैरू. विजेचा खांब वाकलाय, एवढाच अर्ज. नौशादनं पत्ता टाकला, कंप्युटरनं स्वतःची अक्कल लावली, आणि कागदावर आलं, 'राहणार मेले'. भैरूनं कागद लांब धरून वाचला, जवळ धरून वाचला.

"नौशादभाई, मी जित्ता हाय न्हवं?"

गेला तोही समोर.

एवढ्यावर थांबावं की नाही? पण अतीक रविवारी स्वतः आला, म्हणाला इंग्रजी अर्जांसाठी ड्वोराक नावाचा लेआउट बेस्ट, आणि स्टिकरवर स्टिकर, एका बटणावर तीन-तीन अक्षरं, उन्हानं डिंक सुटला की 'क' घसरून 'त'वर. आसमावहिनी म्हणाली, "कीबोर्ड आहे का रुखवत?" शेवटी नौशादनं सगळं खरवडून काढलं, जुन्या रेमिंग्टनवर परत आला… तर बोटं ते पण विसरलेली! आता एका बोटानं शोधत बसायचा, आणि बाक रिकामा.

त्यात एक दिवस फुलाबाई आली, डोंगरातल्या वाडीवरून नातीला घेऊन. शीतलच्या वसतिगृहाच्या अर्जाचा शेवटचा दिवस, कचेरीची अर्ज घ्यायची खिडकी बंद व्हायला आलेली, सुधीरकडं ही रांग. "लिव बाबा बिगीबिगी," ती म्हणाली, "न्हाईतर पोरगी माझ्यासंगं मजुरीला जातीया."

नौशादनं बोटं ठेवली. 'शीतल'मधला 'शी' आला, पुढं काय आलं ते त्यालाच कळेना. पुसलं. परत तेच. शीतल नुसती त्या खिडकीकडं बघत होती, आणि तेच त्याला लागलं. त्यानं कीबोर्ड बाजूला सारला, खिशातलं पेन काढलं, कोरा कागद ओढला आणि लिहीत सुटला. गोल, ठसठशीत, शाळेत घोटून घेतलेलं अक्षर. पोरीनं सही केली आणि नौशाद स्वतः कागद घेऊन पळाला. खिडकीतल्या बाई फळी लावतच होत्या. त्यांनी वाचलं, शिक्का मारला. "वाचता येतंय बाई सरळ," एवढंच म्हणाल्या.

शीतल आता वसतिगृहात आहे. आणि लोकांनी काय घेतलं डोक्यात माहितीये? "हातानं लिवलेला अर्ज सायेब वाचतो." बाक परत भरला. कीबोर्डवर नौशाद आता चहाचा कप ठेवतो.

परवा अतीक आलेला. मागं उभा राहून बघत होता. नौशाद आपला लिहीत होता.

"दुल्हाभाई," अतीक म्हणाला, "अक्षर छान आहे. पण तुमची पेन धरायची पद्धत आउटडेटेड आहे."

तुम्हीच सांगा… कीबोर्ड बदलता येतो हो, मेव्हणा कुठं बदलून मिळतो?